पडद्यावर आलेलं नाव

सालेकशाची अल्का गजभिये गोंदियाच्या पॉलिटेक्निकला होती तेव्हाची गोष्ट अजून काही जण सांगतात. पॅसेंजरच्या दारात उभा राहून एक माणूस रोज पोरींना खेटायचा. अल्कानं दोन दिवस त्याला सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याचं बोट धरलं आणि मनगटाकडे वळवलं. हाड मोडल्याचा आवाज पुढच्या बाकापर्यंत गेला. आमगावला तो उतरला, तो पुन्हा त्या डब्यात दिसला नाही. घरी आल्यावर तिच्या आईनं, सुमनबाईनं, एवढंच विचारलं की तुले तं लागलं नाही ना.

सुमनबाईनं नवरा गेल्यावर धानाच्या रोवणीची मजुरी आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता यांवर ही एक लेक शिकवली होती. लेकीनं शिकून दोन हजार नऊ साली गोंदियाच्या रेलटोलीत नोकरी धरली. खाली सायकलचं दुकान, वर गजेंद्र पटलेचं इंटरनेटचं. गजेंद्र मोठ्या कंपनीकडून लाईन घ्यायचा आणि टॉवरवर अँटेना लावून आजूबाजूच्या गावांना ती विकायचा: राईस मिल, दवाखाने, सायबर कॅफे, कंत्राटदार. प्रफुल्ल नावाचा एक जण टॉवर चढायचा. अल्का आतल्या खोलीत सर्व्हर सांभाळायची. कोणाला लाईन द्यायची, कोणाची थांबवायची, कुठं अडकलं, सगळं तिच्या बोटांतून जायचं.

तिचं काम काळ्या पडद्यावर चालायचं. त्यात टी-मक्स नावाचा एक प्रोग्राम होता. तो एका पडद्याचे चार तुकडे करून द्यायचा: एकात वर्दळ दिसते, दुसऱ्यात आज्ञा लिहायची, तिसऱ्यात आणखी काही. अल्काला तो हातासारखा झाला होता. डावीकडच्या तुकड्यात दिसणारा आकडा माऊसनं ओढून काळा करायचा, उजवीकडे येऊन शिफ्ट आणि इन्सर्ट दाबायचं, आकडा तिथं उमटला. तीन वर्षं तिनं हेच केलं होतं. तिला एक सवयही होती. फोनवर बोलताना जी ओळ वाचते आहे ती माऊसनं काळी करून ठेवायची, बोट ठेवून वाचावं तशी.

दोन हजार बारा सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी, ऑफिसात कोणी नसताना, गजेंद्र तिच्या जागेवर बसला. माऊसचं चाक फिरवून मागचं पाहता येत नाही म्हणून तो वैतागला होता. त्यानं नेटवर शोधून टी-मक्सच्या सेटिंगमध्ये दोन ओळी घातल्या. चाक फिरायला लागलं. त्यानं अल्काला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. सोमवारी अल्काच्या लक्षात आलं की आकडा काळा करायला गेलं की आता पिवळी पट्टी उमटते आणि बोट उचलल्याबरोबर नाहीशी होते. काहीतरी अपडेट झालं असेल असं म्हणून ती कामाला लागली. दोन दिवस कोणाची लाईन थांबवायची वेळ आली नाही, म्हणून पुढचं कळलंही नाही.

बुधवारी दुपारी एकच्या सुमारास टेकचंदचा फोन आला.

टेकचंद म्हणजे नागऱ्याच्या वाटेवरचा ढाबेवाला, पण ढाबा नावाला. रेतीचे ट्रक त्याचे होते आणि ट्रक अडवणाऱ्याचे हातपाय मोडणारी माणसंही त्याचीच. एका तलाठ्यानं ट्रक धरला होता, तर त्याला वाघ नदीच्या पात्रात गळ्यापर्यंत रेतीत पुरून ठेवला असं लोक बोलत. त्या दिवशी रेतीघाटाची निविदा ऑनलाईन भरायची होती, दुपारी तीनपर्यंत. आज लाईन गेली नाही पाहिजे, एवढंच त्यानं सांगितलं. अल्कानं ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडलं, त्याच्या कनेक्शनचा पत्ता, म्हणजे तो ठिपक्याठिपक्यांचा आकडा, माऊसनं काळा करत वाचला, लाईन तपासली आणि ठीक आहे म्हणून कळवलं.

त्यानंतर थोड्याच वेळात सगळ्या टॉवरची लाईन जड झाली. आमगाव रोडच्या एका सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला होता आणि तो सेकंदाला हजारो मेल बाहेर फेकत होता. अल्कानं तो पत्ता डावीकडच्या तुकड्यात शोधला, माऊसनं ओढला, उजवीकडे थांबवायची आज्ञा लिहिली आणि शिफ्ट-इन्सर्ट दाबलं. पत्ता उमटला. तिनं एंटर मारलं.

उमटलेला पत्ता कॅफेचा नव्हता. टेकचंदचा होता. शेवटचे दोन अंक सोडले तर दोन्ही आकडे सारखे. एकाच्या शेवटी सत्तेचाळीस, दुसऱ्याच्या चौऱ्याहत्तर. घाईत डोळा फसला.

लाईन गेली म्हणून टेकचंदचा फोन आला तेव्हा गजेंद्रला वाटलं नागऱ्याचा टॉवरच बसला. त्यानं प्रफुल्लला गाडीवर पिटाळलं. अल्कानं त्याच टॉवरवरच्या दुसऱ्या ग्राहकाला फोन लावून पाहिलं, लाईन आहे का म्हणून. तो ग्राहक हिरालाल, रेतीच्याच धंद्यातला, टेकचंदचा हाडवैरी. त्याचं नाव, नंबर, गाव अशी ब्राउझरमधली पूर्ण ओळ तिनं सवयीनं काळी केली आणि नंबर फिरवला. हिरालालची लाईन जड, पण चालू होती. तो हसूनच बोलला, आमचं फॉर्म भरणं झालं म्हणाला. टॉवर ठीक आहे असं प्रफुल्लही पाहून परतला. म्हणजे घोटाळा आपल्याच इथं आहे हे अल्काला कळलं, आणि ती थांबवलेल्या पत्त्यांची यादी उघडणार तोच जिन्यावर पावलं वाजली.

चौघं जण होते. पुढे उदाराम, टेकचंदचा माणूस, उंच, मानेवर जुन्या वाराचा वण. त्यानं दारातच ठेवलेला अँटेनाचा लोखंडी पाईप उचलला आणि पहिला घाव टेबलाच्या काचेवर घातला. दुसरा घाव प्रिंटरवर बसला. बाकीच्यांनी दार लावून घेतलं.

"लाईन किसने काटी?" उदारामनं विचारलं. "हिरालालचे पैसे कोणं खाल्ले?"

गजेंद्र भिंतीला लागला होता. त्याच्या मांडीवरून ओल उतरत होती. त्यानं एकदा अल्काकडे पाहिलं, मग प्रफुल्लकडे बोट केलं. टॉवरवरचं सगळं काम हाच पाहतो, म्हणाला.

प्रफुल्ल नुकताच आत आला होता. कमरेचा सुरक्षा-पट्टाही त्यानं सोडला नव्हता. दोघांनी त्याला त्याच पट्ट्याला धरून खाली ओढला. मी चढलो होतो, उतरलो, काही हात लावला नाही, असं तो सांगत होता. उदारामनं ऐकून घेतलं नाही. पाईप प्रफुल्लच्या डाव्या नडगीवर आला. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्या घावाला नुसता श्वास बाहेर पडला आणि पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळला. पँटमधून हाडाचं टोक वर आलं.

अल्का आतल्या खोलीतून बाहेर आली. पुढं काय होणार ते तिला दिसत होतं. पण पाईप पुन्हा उचललेला होता.

"त्यानं नाही कापली. मी कापली," ती म्हणाली. "चूक झाली माह्याकडून. दोन मिनिटं द्या, चालू करून देते."

उदारामनं तिची वेणी मुठीत धरली आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. तिच्या जातीचं नाव घेऊन त्यानं एक शिवी दिली, तुमची पायरी विसरून राहिल्या तुम्ही, म्हणाला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं. वेणी न सोडता त्यानं तिला तसंच ओढत सर्व्हरच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. बाहेर प्रफुल्ल कण्हत होता. एकानं त्याच्या तुटलेल्या पायावर बूट ठेवला आणि अल्काला ऐकू जाईल इतकाच दाबला.

तिनं ओढणीनं डोळा पुसला आणि यादी उघडली. कॅफेच्या पत्त्याऐवजी टेकचंदचा पत्ता तिथं बसला होता. मी हा लिहिलाच नाही, असं तिला वाटलं, पण विचार करायला जागा नव्हती. आता तो पत्ता यादीतून काढायचा, एवढंच. एका डोळ्यानं आकडे टाईप करताना चुकतील म्हणून तिनं नेहमीचंच केलं. पत्ता माऊसनं ओढला. पिवळी पट्टी आली, गेली. काढायची आज्ञा लिहून तिनं शिफ्ट-इन्सर्ट दाबलं.

पडद्यावर पत्ता आला नाही. हिरालालचं नाव आलं. नाव, त्यापुढं मोबाईल नंबर, गाव. इंग्रजी मोठ्या अक्षरांत.

उदाराम तिच्या खांद्यावरून वाचत होता. इंग्रजीतली तेवढी अक्षरं त्याला येत होती. अगदी हलक्या आवाजात तो म्हणाला, "त्यालेच कळवून राहिली?"

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पाईप तिच्या उजव्या हातावर आला, कळफलकासकट. कळा उडून भिंतीवर गेल्या. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट मोडलं. तिला ते दिसलं आधी आणि दुखलं नंतर. पुढचा घाव खांद्यावर होता. बाहेर प्रफुल्लच्या छातीत लाथा बसत होत्या; लाथ बसल्याचा आवाज आणि त्याच्या तोंडून निघणारा आवाज यांत अंतर राहिलं नव्हतं. ती खुर्चीवरून घसरली. उदारामनं तिला पुन्हा वर बसवलं.

त्या घटकेला, डोकं घणघणत असताना, तिला एवढंच उमगलं की माऊसनं मी जे उचलते ते एका कप्प्यात जातं आहे आणि चिकटतं आहे ते दुसऱ्याच कप्प्यातलं. आधी टेकचंदचा पत्ता वाचला होता, तो चिकटला. नंतर हिरालालची ओळ वाचली होती, ती चिकटली. आता माऊसला हात लावायचा नाही. तिनं शेजारच्या मशीनचा कळफलक डाव्या हातानं ओढून घेतला, तार जोडली, ती ओळ पुसली आणि एकेक आकडा डाव्या हाताच्या एका बोटानं दाबला. प्रत्येक आकडा पडद्यावर पाहून मगच पुढचा. एंटर मारलं. टेकचंदची लाईन चालू झाली.

उदारामनं फोन लावला. पलीकडून टेकचंद काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही, पण भिंतीवरचं घड्याळ तिनं पाहिलं. तीन वाजून गेले होते. उदारामनं फोन खिशात ठेवला आणि शांतपणे सर्व्हरच्या मांडणीवर पाईप घातला. एकामागून एक पेट्या खाली आल्या. पंख्यांचा आवाज बंद पडला. जाताना एकानं गजेंद्रच्या कानफटात मारली. त्याला तेवढंच मिळालं.

खालच्या सायकलवाल्यानं ऑटो आणला. दाराची फळी काढून तिच्यावर प्रफुल्लला उतरवला. सरकारी दवाखान्यात अल्काच्या भुवईला टाके पडले, बोटं बांधली. प्रफुल्लला त्याच संध्याकाळी नागपूरला पाठवला. दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि पाय वाचेल की नाही ते सांगता येत नव्हतं.

ठाण्यात तक्रार लिहून घेताना जमादार शिवीशी येऊन अडला. भांडणात माणूस काहीही बोलते, ते लिहून कायले वाढवता, असं तो समजावू लागला. सुमनबाई पॅसेंजरनं येऊन पोचली होती. ती खाली जमिनीवर बसली आणि म्हणाली की जे बोलला ते लिहा, नाहीतर मी इथून उठत नाही. पोरीच्या ओढणीवरचं रक्त पाहा आधी. जमादारानं लिहिलं.

गजेंद्र दुसऱ्या दिवशी फळं घेऊन आला. त्यानं मिटवून घ्यायचा विषय काढला. अल्कानं फळं त्याच्या हातात परत दिली.

पंधरवड्यानं ती रेलटोलीत गेली. एक पेटी कशीबशी चालू झाली होती. डाव्या हातानं तिनं सगळं पुन्हा केलं, न घाई करता. टी-मक्समध्ये माऊसनं ओढलं की ते टी-मक्सच्या स्वतःच्या कप्प्यात पडत होतं. शिफ्ट-इन्सर्ट मात्र बाहेरच्या, ब्राउझरमध्ये शेवटी काळं केलेल्या मजकुराच्या कप्प्यातून उचलत होतं. पूर्वी टी-मक्स माऊसकडे लक्षच द्यायचा नाही, म्हणून दोन्हीकडे एकच कप्पा होता आणि तिची सवय चालून जायची. शिफ्ट दाबून धरून ओढलं की पुन्हा जुन्यासारखं होत होतं. मग तिनं सेटिंगची फाईल उघडली. तळाशी दोन नव्या ओळी होत्या, रविवारची तारीख होती. रविवारी चावी फक्त गजेंद्रकडे असायची. तिनं त्याला बोलावून ओळी दाखवल्या. चाक फिरत नव्हतं म्हणून घातल्या, तो म्हणाला. तिनं त्या दोन ओळी खोडल्या आणि नोकरी सोडली.

नागपूरला प्रफुल्लच्या खाटेजवळ बसून तिनं त्याला हे सगळं सांगितलं. कप्पे कसे दोन झाले, आकडा कसा फसला. चूक माझीही होती, एंटर मारायच्या आधी मी पाहायला पाहिजे होतं, असंही म्हणाली. प्रफुल्लच्या पायाला लोखंडी सळ्यांचा पिंजरा लावला होता. तो ऐकत होता.

"तुह्या चुकीनं लाईन गेली," तो म्हणाला. "पाय उदारामनं तोडला. एकात एक नको करू. मले कोर्टात एकटा सोडू नको, बस."

उदारामला पोलिसांनी धरलं होतं, पण तो जामिनावर सुटला. भातकापणी झाल्यावर एका संध्याकाळी सालेकशाला सुमनबाईच्या घरामागं भाताच्या तणसीच्या ढिगाला आग लागली. ढिगाशेजारी गाय बांधली होती. शेजारी धावेपर्यंत दावं तुटलं नाही. सुमनबाईनं पेटत्या तणसीत हात घालून दावं कोयत्यानं कापलं, पण गाय चार पावलं चालून पडली. तिची पाठ सगळी जळाली होती. ती तडफडत होती आणि तिचा आवाज टोल्यात, अख्ख्या वस्तीत, ऐकू येत होता. शेवटी सुमनबाईनंच उदबत्तीच्या कारखान्यात काम करणाऱ्या पुतण्याला कुऱ्हाड आणायला सांगितली. अल्का पोचली तेव्हा माय अंगणात बसली होती, दोन्ही हातांना हळद-तेल लावलेलं, भुवया जळून गेलेल्या. ढिगाच्या राखेत कोणीतरी एक चिठ्ठीही न ठेवता सांगायचं ते सांगून गेलं होतं.

अल्का म्हणाली की केस मागे घेऊ, माय. तिनं ते मनापासून म्हटलं. तिला त्या रात्रीपर्यंत कधी इतकी भीती वाटली नव्हती.

"आता तं बोलाचंच हाय," सुमनबाई म्हणाली. "गाय का फुकट मेली?"

साक्ष व्हायला तीन वर्षं गेली. तेवढ्यात अल्कानं एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटरचं काम धरलं. करंगळी वाकडीच राहिली. गजेंद्र साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि आपण त्या वेळी खाली चहाला गेलो होतो असं शपथेवर सांगितलं. प्रफुल्ल बाकावर बसून ऐकत होता. त्याच्या हातातली काठी वाकेल असं अल्काला वाटलं.

मग अल्काची पाळी. आरोपीच्या वकिलानं तिला तासभर चूक कशी झाली तेच विचारलं. लाईन तुम्हीच कापली ना? हो. पडद्यावर हिरालालचं नाव तुम्हीच आणलं ना? माझ्या हातानं आलं. मग माझ्या अशिलाला संशय येणं स्वाभाविक नव्हतं का? तिनं न्यायाधीशांकडे पाहून सांगितलं की संशय आला असता तर त्यानं विचारलं असतं, विचारायच्या आधी प्रफुल्लचा पाय मोडला होता. आणि जी शिवी तिला दिली ती तिनं जशीच्या तशी उच्चारून दाखवली. सगळ्या कोर्टात ती शिवी मोठ्यानं म्हणताना तिचा आवाज फुटला, पण शब्द अर्धा राहिला नाही.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात निकाल लागला. उदारामला आणि आणखी दोघांना सक्तमजुरी झाली. टेकचंदनं सांगूनच माणसं पाठवली हे कोणी सिद्ध करू शकलं नाही, तो सुटला. पोलीस उदारामला नेत असताना व्हरांड्यात तो अल्कासमोर आला आणि पोलिसाचा हात झटकून तिच्या अंगावर धावला. ती मागे सरली नाही. तिनं पुढं होऊन दोन्ही हातांनी त्याच्या छातीला धक्का दिला. तो बेडीतच असल्यानं तोल जाऊन खांबावर आपटला आणि त्याचं नाक फुटलं. पोलिसांनी त्याला उचलला. तिला कोणी काही बोललं नाही.

प्रफुल्ल जिना उतरायला लागला, काठी एका हातात, कठडा दुसऱ्या हातात. टेकचंद समोरून वर येत होता, हसत, कोणाशी तरी फोनवर बोलत. प्रफुल्ल कठडा न सोडता मधोमध उभा राहिला. टेकचंदला भिंतीला घासून जावं लागलं.

मग अल्का आणि प्रफुल्ल कोर्टासमोरच्या टपरीवर बसले. सुमनबाई आधीच तिथं होती. प्रफुल्लनं तर्री-पोहे मागवले, तिखट जरा जास्त. सुमनबाईनं अल्काची ताटली आपल्या मांडीवर घेतली आणि पहिला घास तिला भरवला.